जुन्या लाकडी बोटीच्या कामाला कोणती करवत घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांची ३२ फुटी लाकडी बोट पावसाळी मासेमारीबंदी लागली की देवगडला वर ओढायची आहे. डेकच्या कुजलेल्या पाच-सहा फळ्या बदलायच्या, मासळीच्या खणाचं तोंड मोठं करायचं, खणातलं जुनं फायबर आणि फोम काढून नवं घालायचं, आणि मागची केबिन उतरवून मरीन प्लायची नवी उभी करायची. मुख्य सुतार आहेच, पण निम्मं काम तुम्ही स्वतः करणार. घरात एक ड्रिल आणि चार इंची कटर आहे. आता दहा इंची टेबल सॉ घ्यावा, की हातात धरायचा गोल पात्याचा सर्क्युलर सॉ आणि वरखाली हलणाऱ्या अरुंद पात्याचा जिगसॉ घ्यावेत, आणि बॅटरीवरचे की वायरचे, असं विचारलंय.

टेबल सॉ घेऊ नका. यंत्र वाईट नाही, पण त्याच्यावर लाकूड पात्याकडे न्यावं लागतं. बोटीच्या कामात बहुतेक वेळा पातं लाकडाकडे न्यावं लागतं, तेही पालथं पडून, गुडघ्यावर बसून, नाहीतर तुळईखाली मान वाकडी करून. टेबल सॉवर होणारे जे काही काप या कामात आहेत ते विकत करून मिळतात. प्लायचे सरळ काप दुकानदाराच्या पॅनल सॉवर, फळ्या चिरणं सॉ मिलवर. डेकखालची एखादी बाकदार तुळई बदलायची निघालीच, तर तिचा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन मिलच्या पट्टा करवतीवर जा. साग घेताना पावती आणि वाहतुकीचा पास मागून घ्या, नाहीतर वाटेत ट्रक अडेल आणि बंदीचे दोन महिने त्याच्याच मागे जातील. १ जून ते ३१ जुलै एवढाच वेळ हातात असतो. त्यात यंत्र जमवणं, टेबल समतल करणं, त्याला शेड शोधणं यात आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

फर्निचरच्या कामात करवत निवडताना काप किती सरळ येतो आणि किती स्वच्छ येतो एवढं बघतात. बोटीत त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. लाकडाच्या पोटात काय आहे, पात्याच्या पलीकडे काय आहे, आणि कापताना तुमचे पाय कुठे आहेत. जुन्या बोटीत लाकडाच्या पोटात लोखंडी खिळे असतात, पलीकडे कधी तुळई असते, कधी डिझेलची नळी, आणि पाय बहुतेक वेळा ओल्यात. यंत्राची निवड या तीन उत्तरांवरून होते. वॉट आणि आरपीएम नंतर.

डेकच्या फळ्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे सर्क्युलर सॉ लागतोच. सात इंची घ्या, पातं १८५ किंवा १९० मिमी, १२०० ते १४०० वॉट, वायरचा. सरळ धरल्यावर ६५ मिमीच्या आसपास खोली मिळते, म्हणजे दीड इंची सागाची फळी आरामात. कुजलेली फळी काढताना लोक पहार घालून उचकटतात. ती उचकटताना शेजारच्या चांगल्या फळीची कड चिरते आणि मग पाच फळ्यांच्या सात होतात. त्यापेक्षा असं करा. फळीची जाडी एका टोकाला नीट मोजा. ३८ मिमी असेल तर सॉची खोली ३५ वर लावा, म्हणजे खालच्या तुळईला पातं लागणार नाही. फळीच्या मधोमध, एकमेकींपासून इंच-दीड इंचावर दोन समांतर काप लांबीभर घ्या. खिळे सहसा फळीच्या दोन्ही कडांजवळ असतात, त्यामुळे मधला पट्टा मोकळा मिळतो. पटाशीने तो पट्टा उपसून काढलात की उरलेल्या दोन बाजू आतल्या बाजूला ढिल्या होतात आणि शेजारच्या फळीला धक्का न लागता निघतात. तुळईवर खिळे उभे राहतात ते नंतर एकेक करून काढायचे किंवा छाटायचे.

खिळे कुठे आहेत हे मात्र कापायच्या आधी कळायला हवं. जुन्या कामात खिळ्याचं डोकं आत दाबून वर लांबी (पुट्टी) किंवा लाकडी गुडदी (बूच) मारलेली असते आणि त्यावर रंगाचे इतके थर की काही दिसत नाही. रंग खरवडला की गंजाचा काळसर डाग दिसतो. तेवढ्यावर भागलं नाही तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवा. खिळ्यावर आलं की ते तिरकं ओढलं जातं. प्रत्येक जागी खडूने फुली. हे कंटाळवाणं काम आहे आणि तुमचा सुतार त्याला हसेल, पण सर्क्युलर सॉचं कार्बाइड पातं एका जाड खिळ्यावर गेलं की दोन-तीन दात उडतात आणि ते कुठे उडतात हे आपल्या हातात नसतं. चष्मा न लावता सर्क्युलर सॉ सुरूच करायचा नाही, याचं कारण लाकडाच्या भुशापेक्षा हे.

पात्यांविषयी. सागात निसर्गतः सिलिका असते, ती साध्या पोलादी दातांची धार लवकर मारते. म्हणून सागाला कार्बाइड टोकांचंच पातं. चिरायला २४ दाती, प्लायला आणि आडव्या कापाला ४० दाती, अशी दोन ठेवा आणि पातं बदलायचा आळस करू नका. ४० दाती पात्याने ओला साग चिरत बसलात तर भुसा बाहेर पडत नाही, लाकूड काळं पडतं, मोटर तापते आणि मग लोक म्हणतात यंत्रात दम नाही. खिळ्यांच्या भागासाठी एक जुनं, स्वस्तातलं पातं बाजूला ठेवा, ते खराब व्हायचंच आहे असं धरून.

आता खणाचं तोंड. इथे कापण्याआधी एक विचारतो: नवं तोंड जिथपर्यंत येणार आहे तिथे डेकखालची आडवी तुळई मध्ये येते का? येत असेल तर ती तुळई तोडून तिची टोकं हवेत सोडता येत नाहीत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना बोटीच्या लांबीत वासे टाकून, दोन अखंड तुळयांना बांधून, मग तुटलेल्या तुळईची टोकं त्या वाशांत बसवावी लागतात. हे तुमच्या सुताराला करू द्या. आणि बोटीची मापं, इंजिन किंवा केबिनची उंची नोंदणीतल्यापेक्षा बदलणार असेल तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला विचारा. काम झाल्यावर विचारलं तर उत्तर ऐकून घ्यावं लागतं. केबिन उंच केली की वजन वर जातं आणि बोट झुकायला लागते हेही मामांना सांगा. तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) उंच केबिन आवडते, समुद्राला नाही.

तोंड कापताना चारही कोपरे गोल ठेवायचे. ड्रिलला लावायच्या अडीच-तीन इंची होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) कोपऱ्यावर भोकं पाडून घ्या आणि मग ती भोकं सरळ कापांनी जोडा. काटकोनी कोपऱ्यातून फळीला चीर सुरू होते आणि लाटांच्या हेलकाव्यात ती वाढत जाते. सरळ काप सर्क्युलर सॉने घ्यायचे, म्हणजे पातं वरून फळीत उतरवावं लागतं. सॉच्या तळपट्टीची पुढची कड डेकवर टेकवा, खालचं संरक्षक झाकण लिव्हरने वर धरा, पातं हवेत पूर्ण वेगाला येऊ द्या आणि मग मागची बाजू सावकाश खाली आणा. शरीर पात्याच्या रेषेत नको, एका बाजूला. पातं अडकलं तर सॉ झटक्याने मागे, म्हणजे थेट तुमच्या मांडीकडे येतो. ते झाकण खिळा किंवा तार घालून कायमचं वर अडकवून ठेवलेला सॉ कोणी वापरायला दिला तर घेऊ नका. कोपऱ्याजवळची शेवटची बोटभर जागा गोल पात्याला खाली पुरती कापता येत नाही, वर कापलं तरी खाली लाकूड राहतं. तिथे हाताची करवत. यंत्र पुढे रेटून तो अर्धा इंच काढायला गेलं की रेष ओलांडली जाते.

याच कापाला जिगसॉ का नको, असं विचाराल. दीड इंची सागात जिगसॉचं पातं खालच्या टोकाला वाकतं. वर रेषेवर दिसतं आणि खाली पाव इंच बाहेर गेलेलं असतं. जिगसॉ घ्यायचा तो प्लायसाठी आणि वळणांसाठी. टी-आकाराच्या टोकाची पाती लागणारा घ्या, ती कुठेही मिळतात. पाकिटावरचे क्रमांक लक्षात ठेवा. टी १०१ बी स्वच्छ कापाला, साधारण ३० मिमीपर्यंतच्या लाकडाला आणि प्लायला. टी १४४ डी जाड लाकडात भरभर, पण काप खरबरीत. टी १०१ एओ अरुंद, घट्ट वळणाला. टी ११८ ए पातळ पत्र्याला. जाड लाकडात जिगसॉ घालायची वेळ आलीच तर टी १४४ डीपी आणा. त्याची पाठ जाड असते, म्हणून कमी वाकतं. पेंड्युलमचा (पात्याला पुढेमागे झोका देणारा) खटका तेव्हा एकवर ठेवा आणि ढकलू नका. तीनवर ठेवून जोर दिला की काप नक्की तिरका येतो.

आता ते खिळे आणि जुनी केबिन. पाडकामाला रेसिप्रोकेटिंग सॉ लागतो, काही दुकानांत सेबर सॉ म्हणतात. हा देखणा काप देत नाही, पण खिळ्यासकट लाकूड कापतो, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यात पातं घालून मधला खिळाच छाटता येतो. त्याला बायमेटल पातं लावायचं, म्हणजे पाठ लवचिक आणि दात कठीण पोलादाचे. एस ९२२ व्हीएफ किंवा लांब हवं तर एस ११२२ व्हीएफ, दोन्ही खिळे असलेल्या लाकडासाठीच आहेत. पातं लांब असल्यामुळे त्याचं टोक कुठे पोचतंय हे दिसत नाही. केबिनच्या भिंतीमागून वायरी आणि स्टिअरिंगची केबल जाते, म्हणून आधी आतलं अस्तर काढून बघायचं आणि बॅटरीची तार सोडवून ठेवायची. फक्त एवढ्याच कामासाठी तो विकत घ्यायचा नसेल तर दोन-चार दिवस भाड्याने किंवा मागून आणा. माझ्या मते मात्र ज्याच्या घरात बोट आहे त्याच्याकडे हा असावा, दरवर्षी काहीतरी निघतंच.

ज्याच्याविषयी तुम्ही विचारलं नाहीत आणि जो सगळ्यात जास्त वापरला जाईल तो म्हणजे मल्टिटूल. मोडलेल्या हाताचं प्लास्टर कापायला डॉक्टर जे थरथरणारं यंत्र वापरतात त्याच जातीचं हे. पातं फिरत नाही, तीन-चार अंशांत इकडून तिकडे हलतं. त्यामुळे झटका मारत नाही आणि कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, उलटं धरूनही चालतं. तुळईवर उभे राहिलेले खिळे लाकडाच्या पातळीत छाटणं, फळीच्या मध्येच चौकोनी खाच घेणं, कुजलेला तेवढाच तुकडा कापून काढणं, जुन्या सांध्यातली कडक झालेली लांबी उकरणं, ही सगळी कामं त्याची. सावकाश चालतो, लाकूड चिरायला नाही. बायमेटल पाती पाच-सहा तरी आणा, खिळे छाटताना ती संपतात. फायबरसाठी कार्बाइडची दाणेदार पाती वेगळी येतात.

केबिनच्या प्लायला फार वेळ घेत नाही. प्रत्येक शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. ते प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायची अट असलेलं आहे, नुसत्या 'वॉटरप्रूफ' या शब्दाला अर्थ नाही. सर्क्युलर सॉ आणि जिगसॉ दोघांचेही दात खालून वर कापतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर उलटं असतं, त्यामुळे तिथून आलेले सुतार इथे फसतात. जिथे प्लाय डेकच्या उताराला किंवा बोटीच्या कुशीला टेकतो तिथे मोजून कापू नका. बोटीत काटकोन नसतात, गुण्या लावून काही हाती लागत नाही. पातळ प्लायच्या चिपा एकमेकींना चिकटवून कुशीच्या वळणाचा नमुना उभा करा, परकाराने रेघ ओढून घ्या, तो नमुना शीटवर ठेवा आणि जिगसॉने रेषेच्या बाहेर दोन-तीन मिमी ठेवून कापा. उरलेलं छोट्या रंध्याने किंवा ग्राइंडरवर ४० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून उतरवत न्या, दोन-तीनदा लावून बघत. जिगसॉची तळपट्टी तिरकी करून थेट तिरकस काप घ्यायचा मोह होतो, पण तो कोन लांबीभर एकसारखा राहत नसतो. कापलेल्या कडा त्याच दिवशी इपॉक्सीने बंद करा. पावसाळ्यात रात्रभर उघडी राहिलेली कड पाणी पिते आणि मग शिक्का कुठलाही असो. सागाला इपॉक्सी चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, सागाचं तेल इपॉक्सीला पकड घेऊ देत नाही.

खण हा सगळ्यात घाणेरडा आणि सगळ्यात धोक्याचा भाग आहे, इथे सावकाश वाचा.

आधी वास. मासळीचं पाणी तळात साचून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो जाणवायचाच बंद होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. बंद खणात ऑक्सिजनही कमी असतो. म्हणून झाकणं काढून, पाणी उपसून, पंख्याने किंवा ब्लोअरने हवा आत तळापर्यंत सोडून मगच उतरायचं, आणि वर एक माणूस बसलेला हवा. आतला कोसळला तर वरच्याने मागे उडी मारायची नाही, हेही त्याला आधी सांगून ठेवा. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असंच घडत आलंय.

मग फायबरचं अस्तर. काचेच्या तंतूंपुढे पोलादी दात टिकत नाहीत, पहिल्या हातभर कापातच बोथट होतात. इथे डायमंड चकती हवी, आणि इथेच तुमचा चार इंची कटर कामाला येतो. तो मुळात मार्बल कटर आहे, ११० मिमीच्या डायमंड चकतीसाठी बनवलेला, आणि ग्राइंडरला नसलेली एक गोष्ट त्याला आहे, खोली ठरवणारी तळपट्टी. अस्तर चार-पाच मिमी जाड असेल तर तेवढीच खोली लावा आणि चौकोन पाडून घ्या. चौकोन पटाशीने सुटतात. आधी कोपऱ्यात एक भोक पाडून जाडी बघितलीत तर अंदाज चुकणार नाही.

फोम मात्र यंत्राने कापायचा नाही. पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये फिरती चकती घातली की तो तापतो, धुमसतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. बंद खणात ते दोन श्वासांचं काम आहे. लांब पात्याची हाताची करवत किंवा मोठी सुरी, आणि उरलेलं खरवडणी. जुना फोम बहुतेक पाण्याने भिजून जड झालेला निघेल, तो कापायला सोपाच जातो.

काचेची धूळ अंगाला लागली की खाज सुटते आणि फुप्फुसात गेली तर ती खाजवताही येत नाही. धुळीसाठी एन ९५ चालतो, पण रेझिन लावताना त्याचा उपयोग शून्य. रेझिनमधल्या स्टायरिनच्या वाफेला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला अर्धा मुखवटा लागतो. लांब बाह्यांचा जुना शर्ट, मनगटाला टेप, आणि काम झाल्यावर आधी गार पाण्याने न चोळता धुणं. रेझिनचा डबा किंवा अ‍ॅसिटोन उघडं असताना आसपास ग्राइंडर चालवू नका. स्टायरिन तीसेक अंश तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, आणि कोकणात जूनमध्येही तेवढं तापमान सावलीत असतं. ग्राइंडरची आणखी एक खोड: खिळा छाटताना उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते शेजारच्या नव्या पांढऱ्या जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) चिकटतात, त्या दिवशी दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दव पडलं की तांबूस ठिपक्यांची रांगोळी दिसते. ते निघत नाहीत. जुनी गोणपाटं ओली करून झाकत जा.

आता तुमच्या कटरविषयी जे तुम्ही लिहिलं नाहीत पण मला दिसतंय. त्याला लाकडाचं ४० दाती पातं लावलेलं असणार. आपल्याकडे बरेच सुतार तेच करतात, हलका आहे, स्वस्त आहे, एका हाताने चालतो. खोली जेमतेम सव्वा इंच, खाली आपोआप बंद होणारं झाकण नाही, वेग मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे. बटण सोडल्यावर पातं काही सेकंद उघडंच फिरत राहतं आणि माणूस तो मांडीवर ठेवतो. टेबलावर सपाट प्लाय कापताना निभावतं. हलत्या फळीवर, तिरक्या डेकवर, खिळ्यांच्या लाकडात नाही. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावणं तर त्याहून वाईट, त्याला तळपट्टीही नसते. तुमच्या सुताराला हे पटणार नाही, तो वीस वर्षं वापरतोय असं सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका, तुम्ही वापरू नका.

वीज. बोट वर ओढली तरी तळात पाणी असतं, पाऊस असतो, आणि मिठाचं पाणी गोड्यापेक्षा कितीतरी चांगलं वाहक आहे. जिथून वायर घेताय तिथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. साध्या एमसीबीने माणूस वाचत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. एक्स्टेन्शन तांब्याची, २.५ चौरस मिमीची. १४०० वॉटचा सॉ सहा अँपिअर घेतो. ३० मीटर अंतरावर या वायरीत तीनेक व्होल्ट पडतात, ०.७५ च्या बारीक वायरीत नऊ-दहा. ऐकायला फरक लहान वाटतो, पण किनाऱ्यावरच्या शेवटच्या खांबावर मुळातच दोनशेच्या खाली व्होल्टेज असेल तर मोटर गुरगुरते आणि आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) जळतं. रीळ पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली वायर आतून तापते. जोड जमिनीवर नको, दोरीने टांगून ठेवा.

म्हणून बॅटरी की वायर याचं माझं उत्तर जागेवरून ठरतं. डेकवर आणि किनाऱ्यावर वायर, खणात आणि इंजिनखाली बॅटरी. अस्तर कापणारा वायरचा कटर तेवढा अपवाद, तोही आरसीसीबीवर आणि खण कोरडा करूनच. सर्क्युलर सॉ वायरचा का सांगितला तेही बघा. १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास असतात. १००० वॉटचा भार सलग दिला तर साडेपाच मिनिटांत संपली. ओल्या सागात फळ्या चिरायला तेवढ्याने भागत नाही. ड्रिल, मल्टिटूल आणि रेसिप्रोकेटिंग सॉ मात्र बॅटरीचेच, आणि तिन्ही एकाच कंपनीचे, म्हणजे दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर सगळ्यांना पुरतो. ब्रशलेस मिळाले तर उत्तम, कार्बन ब्रशच्या ठिणग्या नसतात. तरी डिझेल-पेट्रोलच्या वाफेत तेही सुरक्षित समजू नका.

कंपनी कोणती? बॉश, मकिता, डीवॉल्ट, पूर्वीची हिताची म्हणजे आताची हिकोकी, सगळ्यांची यंत्रं या कामाला पुरेशी आहेत. मी दुकानात एकच विचारतो: याचे कार्बन ब्रश, स्विच आणि आर्मेचर कणकवलीत किंवा रत्नागिरीत कोणाकडे मिळतात? जुलैच्या मध्यावर स्विच गेला आणि तो मुंबईहून यायचा असेल तर कागदावरच्या वॉटचा काय उपयोग.

पैसे कमी पडले तर खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी आरसीसीबी, वायर, चष्मा आणि मुखवटे. मग सर्क्युलर सॉ दोन चांगल्या पात्यांसह. मग मल्टिटूल. मग जिगसॉ. रेसिप्रोकेटिंग सॉ मागून आणता येतो. यंत्र एक पायरी खालचं घेतलं तरी चालेल, पातं खालचं नको. हाताची करवत मात्र कानशीने धार लावता येईल अशी घ्या. निळसर कडक दातांच्या ज्या मिळतात त्यांची धार एकदा गेली की त्यांना कानस लागत नाही.

संध्याकाळी यंत्रं बोटीवर सोडून येऊ नका, ताडपत्रीखालीही नाही. ओलसर फडक्याने मीठ पुसायचं, कोरड्याने सुकवायचं, सॉच्या तळपट्टीला आणि पात्याला तेलाचा हात फिरवायचा. दुसऱ्या दिवशी रेझिनचं काम असेल तर ते तेल लाकडाला लागणार नाही एवढं पुसून घ्या. बॅटरीचे पितळी कॉन्टॅक्ट हिरवे पडायला लागले तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेल्यावर बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून घरात ठेवा, पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या नको.

तोंडाच्या मापाचं आणि तुळयांचं एक रेखाचित्र काढून सुताराला दाखवा. तुळई मध्ये येतेय असं निघालं तर वाशांची जाडी आणि सांधा कसा घ्यायचा ते विचारा, त्यावर वेगळं लिहितो.